न लढविलेली निवडणूक

फिलिपिन्सच्या दक्षिण भागातील बांगसामोरो या स्वायत्त प्रदेशाचे मुख्यमंत्री अल हज मुराद इब्राहिम मार्च २०२५ मध्ये अधिकारपदावरून दूर झाले. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला नव्हता, की प्रादेशिक संसदेत त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला नव्हता. मनिलाहून राष्ट्राध्यक्षांचे एक नियुक्तिपत्र निघाले आणि त्यावर मुराद यांच्याऐवजी दुसऱ्याचे नाव होते, एवढेच काय ते घडले. सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ते या पदावर आले तेही अशाच एका नियुक्तिपत्राने. त्या पहिल्या पत्रावर राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांची सही होती. दुसऱ्यावर फर्डिनंड मार्कोस कनिष्ठ यांची. ज्या मार्कोस राजवटीविरुद्ध मुराद यांनी ऐन तारुण्यात शस्त्र हाती घेतले, त्या राजवटीच्या धन्याचेच हे चिरंजीव.

आम्हांस या घटनेचे महत्त्व वाटते ते एका व्यक्तीचे पद गेले म्हणून नव्हे. बंडखोरांनी बंदूक खाली ठेवावी, लोकांपुढे जावे आणि कौल मागावा, असा उपदेश जगातील सारी सरकारे करीत असतात. मुराद हे तो उपदेश मानणाऱ्या थोड्या सेनानींपैकी एक. त्यांनी स्वतंत्र राष्ट्राची मागणी सोडली, हजारो सैनिकांची नोंद परकीय निरीक्षकांपुढे करून दिली, राजकीय पक्ष काढला. असे असूनही एकदाही मतदारांपुढे उभे न राहता त्यांना मुख्यमंत्रिपद मिळावे आणि मतदारांनी एकदाही न नाकारता ते जावे, हे कसे झाले? त्यात मनिलाचा वाटा किती आणि खुद्द मुराद यांचा किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम 'मोरो' या नावाविषयी. इबेरियात मुसलमान राज्यकर्त्यांशी शतकानुशतके झुंजलेले स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात या बेटांवर उतरले, तेव्हा तेथेही त्यांची गाठ मुसलमानांशीच पडली आणि त्यांनी घरचे जुने नाव या नव्या शत्रूला चिकटविले. आपल्या गोमंतकात पोर्तुगीजांनी हेच केले. त्यांच्या दप्तरांत येथील मुसलमान 'मोउरो' म्हणूनच नोंदले गेले. फरक इतकाच, की फिलिपिन्समधील मुसलमानांनी हे हिणविण्याचे नाव पुढे अभिमानाने धारण केले. 'बांगसा' या मलय शब्दाचा अर्थ राष्ट्र किंवा जाती. 'बांगसामोरो' म्हणजे मोरो राष्ट्र.

सुलू आणि मागिंडानाव येथील सुलतानांना स्पेन पुरते नमवू शकला नाही. ते काम विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकनांनी केले. त्यानंतर जे घडले ते तलवारीपेक्षा अधिक खोल जाणारे होते. उत्तरेकडील लुझोन आणि मधल्या विसाया बेटांवरील भूमिहीन ख्रिस्ती शेतकऱ्यांना मिंडानाव बेटावर वसविण्याच्या योजना आधी अमेरिकनांनी आणि मग स्वतंत्र फिलिपिन्सच्या सरकारांनी राबविल्या. कागद ज्याच्या हाती त्याची जमीन, हा कायदा. आणि परंपरेने जमीन कसणाऱ्या मोरोंच्या हाती कागद नव्हता. दोन पिढ्यांत आपल्याच बेटावर ते अल्पसंख्य झाले. मार्च १९६८ मध्ये कोरेगिडोर बेटावर, मलेशियाच्या साबा प्रांतात घुसविण्यासाठी गुप्तपणे शिकवून तयार केलेल्या मुसलमान तरुणांना त्यांच्याच लष्करी वरिष्ठांनी गोळ्या घातल्या. १९७१ मध्ये कोताबातो प्रांतातील मानिली गावी मशिदीत जमलेल्या माणसांची कत्तल झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि मोरोंजवळची शस्त्रे जमा करण्याचे फर्मान निघाले. ज्या समाजाला आपली बंदूक हाच आपल्या जमिनीचा शेवटचा दस्तऐवज वाटत होता, त्याने ती जमा केली नाही.

मुराद यांचा जन्म १९४८ चा. अहोद इब्राहिम हे त्यांचे मूळ नाव. 'मुराद' हे बंडातील नाव पुढे कायम झाले. कोताबातो शहरात कॅथलिक मिशनऱ्यांनी चालविलेल्या नोत्र दाम विद्यापीठात ते स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते आणि पदवीला अवघे एक सत्र उरले असताना शिक्षण सोडून बंडात सामील झाले. इस्लामी क्रांतीचा सेनापती मिशनऱ्यांच्या महाविद्यालयात घडला याचे कोणाला नवल वाटेल; गोमंतकीय वाचकाला वाटू नये. मिशनऱ्यांच्या शाळांतून शिकून निरनिराळ्या वाटांनी गेलेली माणसे आपणही पुष्कळ पाहिली आहेत.

त्या वेळी मोरोंचा झेंडा मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या हाती होता आणि तिचे प्रमुख नूर मिसुआरी हे फिलिपिन्स विद्यापीठातील अध्यापक होते. डिसेंबर १९७६ मध्ये लिबियाच्या मध्यस्थीने त्रिपोली येथे करार झाला; तेरा प्रांत आणि नऊ शहरे मिळून स्वायत्त प्रदेश देण्याचे त्यात ठरले. मार्कोस यांनी तो करार आपल्या सोयीने राबविला, म्हणजे राबविला नाही. १९७७ मध्ये आघाडी फुटली. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकलेले हाशिम सलामात वेगळे झाले आणि १९८४ मध्ये त्यांच्या गटाने 'मोरो इस्लामिक मुक्ती आघाडी' हे नाव घेतले. मिसुआरी यांच्या दृष्टीने लढा राष्ट्राचा होता; सलामात यांच्या दृष्टीने राष्ट्राचा आणि धर्माचाही. मुराद सलामात यांच्याबरोबर गेले आणि कालांतराने आघाडीच्या सैन्याचे प्रमुख झाले.

सलामात हे आलिम. मुराद हे अर्धवट शिकलेले इंजिनिअर. हा भेद वरवरचा नाही. ज्यांनी या दोघांचा काळ अभ्यासिला त्यांना दिसेल, की सलामात यांच्या लिखाणात शरियतीचे राज्य हे ध्येय म्हणून जितक्या ठळकपणे येते, तितके ते मुराद यांच्या तोंडी येत नाही. त्यांची भाषा हिशेबाची असे: किती माणसे, किती बंदुका, कोणता मुलूख, कोणत्या अटी. म्हणून त्यांना धर्माचे सोयरसुतक नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांच्या सैन्याचे नाव 'बांगसामोरो इस्लामिक सशस्त्र दल' होते आणि मागिंडानावच्या डोंगराळ मुलखातील अबूबकर या छावणीत आघाडीने आपल्या परीने एक छोटे राज्यच उभारले होते. तेथे मशीद होती, मदरसे होते, शरियतीची न्यायालये होती, शस्त्रे घडविण्याचा कारखाना होता. इंडोनेशियातील जेमा इस्लामिया या संघटनेच्या माणसांनी १९९० च्या दशकात त्याच परिसरात युद्धाचे शिक्षण घेतले, हेही आता इतिहासात नोंदले गेले आहे. याच संघटनेच्या माणसांनी पुढे २००२ मध्ये बाली बेटावर दोनशेंहून अधिक लोकांचे प्राण घेतले. आघाडीने त्यांच्याशी असलेले संबंध पुढे तोडले आणि परकीय दहशतवाद्यांना पकडण्याच्या कामी सरकारशी सहकार्याचा करारही केला. तथापि आपल्या आश्रयाला कोण आले होते, याचा खुला हिशेब तिने कधी दिला नाही.

१९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी मिसुआरी यांच्याशी अंतिम करार केला. मिसुआरी तत्कालीन स्वायत्त प्रदेशाचे गव्हर्नर झाले, आणि पाच वर्षांत कारभाराचा बोजवारा उडवून, पद जाणार असे दिसताच नोव्हेंबर २००१ मध्ये पुन्हा बंड करून मलेशियाला पळाले. मुराद हे सारे जवळून पाहत होते. मनिलाने दिलेली सत्ता कशी असते आणि ती पेलली नाही तर बंडखोराचे काय होते, याचा याहून उघड धडा त्यांना दुसरीकडे मिळाला नसता.

मधल्या काळात त्यांच्यावर स्वतःवर वीज कोसळली होती. राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांनी २००० मध्ये सर्वंकष युद्ध पुकारले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अबूबकर छावणी पडली. विजयी राष्ट्राध्यक्ष तेथे गेले आणि जवानांना भाजलेले डुक्कर व बीअर यांची मेजवानी दिली. मुसलमानांच्या मुलखात, त्यांच्या मशिदीच्या आसमंतात केलेला हा प्रकार मोरोंच्या स्मरणात छावणी पडल्यापेक्षाही खोल रुतून बसला. शत्रूला जिंकणे निराळे आणि त्याला विटाळणे निराळे. पहिल्याने युद्ध संपू शकते, दुसऱ्याने ते पुढच्या पिढीकडे जाते. सेनाप्रमुख म्हणून मुराद यांनी छावण्या राखण्याचा नाद सोडला आणि सैन्य लहान तुकड्यांत विखुरले. छावण्या गेल्या, सैन्य राहिले. सहा महिन्यांत एस्त्रादाच सत्तेवरून गेले आणि नव्या राष्ट्राध्यक्षा आरोयो यांनी मलेशियाच्या मध्यस्थीने बोलणी सुरू केली.

जुलै २००३ मध्ये सलामात यांचे हृदयविकाराने निधन झाले व मुराद आघाडीचे अध्यक्ष झाले. सेनापती पक्षप्रमुख झाला की वाटाघाटी संपतात, असा सर्वसाधारण अनुभव. येथे उलटे घडले. याचे कारण आमच्या मते असे, की युद्धाने काय मिळत नाही हे सेनापतीला जितके पक्के ठाऊक असते तितके ते प्रचारकाला नसते.

२००८ मध्ये पूर्वजांच्या मुलखाविषयीचा समझोता तयार झाला. ५ ऑगस्ट रोजी क्वालालंपूर येथे सह्या व्हावयाच्या. आदल्या दिवशी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये तो घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाचे म्हणणे निराधार नव्हते. ज्यांचा मुलूख त्या नव्या प्रदेशात जाणार त्या लोकांना सरकारने विचारलेसुद्धा नव्हते. परंतु डोंगरात वाट पाहत बसलेल्या कमांडरांना घटनेची कलमे कोण समजावणार? उंब्रा कातो आणि 'ब्राव्हो' या नावाने ओळखला जाणारा अब्दुल्ला माकापार यांच्या तुकड्यांनी लानाव देल नोर्ते व कोताबातो प्रांतांतील ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले केले, निरपराध माणसे मारली, घरे जाळली. प्रत्युत्तरादाखल सैन्य उतरले आणि लाखो लोक निर्वासित झाले. मुराद यांनी हल्ल्यांचा आदेश आपण दिला नसल्याचे सांगितले, पण कमांडरांना सरकारच्या हवाली करण्यास नकार दिला. कातो पुढे फुटून निघाला आणि त्याने वेगळी संघटना काढली. ब्राव्हो आघाडीतच राहिला. मेलेल्या गावकऱ्यांच्या आप्तांना न्याय मिळाला नाही. मुराद यांचा गौरव करणारे लोक हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. ते उरकण्यासारखे नाही.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. २०१० च्या सुमारास आघाडीने स्वतंत्र राष्ट्राचा आग्रह सोडून फिलिपिन्सच्या अंतर्गत उपराज्य मागितले. ४ ऑगस्ट २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष आकिनो आणि मुराद जपानमध्ये नारिता विमानतळाजवळच्या हॉटेलात गुप्तपणे भेटले. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी प्राथमिक करारावर मनिलाच्या राष्ट्राध्यक्ष प्रासादात सह्या झाल्या आणि २७ मार्च २०१४ रोजी सर्वंकष करार झाला. त्यावर सरकारच्या बाजूने मुख्य वाटाघाटीकार म्हणून मिरियाम कोरोनेल-फेरेर या विदुषीची सही आहे. चाळीस वर्षे ज्या पेचावर सेनापतींनी डोके आपटले, तो सुटण्याच्या टप्प्यापर्यंत एका प्राध्यापिकेने नेला, हे नमूद करण्यासारखे आहे.

आणि मग मामासापानो. २५ जानेवारी २०१५ च्या पहाटे पोलिसांच्या विशेष कृती दलाची माणसे मागिंडानावमधील या गावाच्या परिसरात शिरली. मलेशियन बाँबतज्ज्ञ झुल्किफ्ली बिन हिर ऊर्फ मरवान याला त्यांना पकडावयाचे होते. मरवान मारला गेला. परंतु मुलूख आघाडीच्या माणसांचा, आणि शस्त्रसंधीच्या यंत्रणेला सरकारने या मोहिमेची आगाऊ कल्पना दिलेली नव्हती. उजाडल्यावर चोहोंकडून गोळीबार सुरू झाला. आघाडीचे सैनिक, कातोच्या गटाचे लोक आणि गावातील खासगी बंदूकधारी सारेच त्यात उतरले. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस पोलीस ठार झाले. आघाडीचीही माणसे पडली, आणि काही गावकरीही. देशभर संतापाची लाट उठली. मुराद यांच्यापुढे पेच असा होता: आपल्या सैनिकांना दोषी म्हणावे तर सैन्य फुटते, न म्हणावे तर करार बुडतो. त्यांनी दोन्ही टाळले. चौकशी आघाडीची आघाडीने केली, पोलिसांकडून हिरावलेली काही शस्त्रे परत केली आणि जूनमध्ये, ठरल्याप्रमाणे, १४५ सैनिक व ७५ शस्त्रे निःशस्त्रीकरणासाठी हजर केली. आकडा प्रतीकात्मक होता. पण तो त्या वेळी हजर केला, याला महत्त्व आहे. करार बुडाला नाही, मात्र त्यावर आधारलेला कायदा काँग्रेसमध्ये अडकून पडला आणि आकिनो यांची मुदत संपली. हा विलंब स्वस्त नव्हता. मे २०१७ मध्ये स्वतःला इस्लामिक स्टेटचे अनुयायी म्हणविणाऱ्या तरुणांनी मारावी शहर ताब्यात घेतले. पाच महिने लढाई चालली आणि मोरोंचे एक गजबजलेले शहर ढिगाऱ्यात गेले. म्हाताऱ्या बंडखोरांच्या वाटाघाटींतून काही निघत नाही, असे ज्या तरुणांना वाटू लागले होते त्यांना काळ्या झेंड्यापाशी न्यावयास फार प्रचार लागला नसावा.

दुतेर्ते यांनी जुलै २०१८ मध्ये बांगसामोरोचा मूलभूत कायदा मंजूर करून घेतला. जानेवारी व फेब्रुवारी २०१९ मध्ये जनमत घेण्यात आले. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवणाऱ्या गोमंतकाला या गोष्टीची गोडी अधिक वाटेल. कौल कोणाकडून घ्यावयाचा आणि मोजावयाचा कसा, यावर निम्मा निकाल ठरत असतो, हे आपण अनुभवाने जाणतो. येथे जुना स्वायत्त प्रदेश एकच घटक मानून मते मोजली. सुलू प्रांताने बहुमताने 'नाही' म्हटले. पण साऱ्या घटकाची बेरीज 'होय' निघाली आणि सुलू नव्या प्रदेशात ओढला गेला. कोताबातो शहर स्वेच्छेने आले, इसाबेला शहर बाहेर राहिले. सुलूच्या 'नाही'चे काय करावयाचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी सोडविला नाही. पाच वर्षांनी तो न्यायालयाने सोडविला, आणि तोही अवेळी.

अशा रीतीने मुराद मुख्यमंत्री झाले. ऐंशी सदस्यांची नियुक्त संसद, त्यांतील एक्केचाळीस आघाडीने सुचविलेले. राष्ट्रीय महसुलाच्या पाच टक्क्यांइतके वार्षिक अनुदान. अध्यक्षीय पद्धतीच्या देशात संसदीय पद्धतीचा एकमेव प्रदेश. लोकसंख्या २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे ४४ लाख. आणि मुदत तीन वर्षे, म्हणजे २०२२ च्या मध्यापर्यंत, मग निवडणूक.

कारभार कसा केला? 'नैतिक शासन' हे त्यांनी ब्रीद ठरविले. अशी ब्रीदे आम्ही पुष्कळ ऐकली असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. प्रशासन, शिक्षण, नागरी सेवा, निवडणूक व स्थानिक स्वराज्य यांच्या संहिता मंजूर झाल्या, पण मंदगतीने. निवडणूक संहितेला २०२३ आणि मतदारसंघांच्या कायद्याला २०२४ उजाडले. सरकारी आकड्यांप्रमाणे गरीब कुटुंबांचे प्रमाण २०१८ मध्ये निम्म्याच्या आसपास होते ते २०२३ मध्ये चौथ्या हिश्श्याच्या जवळ आले. आकड्यांना थोडी सूट दिली तरी शांततेचा हा लाभ खरा आहे. तोफा थांबल्या की पेरणी होते आणि पेरणी झाली की बाजार भरतो. दुसऱ्या बाजूस घराण्यांच्या खासगी फौजा मोडल्या नाहीत. २००९ मध्ये अठ्ठावन्न माणसांचा, त्यांत बत्तीस पत्रकारांचा, बळी घेणारे आंपातुआन घराणे याच मागिंडानावचे. तशी घराणी आजही मतांचे ठेकेदार आहेत. बंडखोरांना आळा घालण्यासाठी मनिलानेच ती वर्षानुवर्षे पोसली, हेही विसरता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मुदत संपत आली तेव्हा निवडणूक पुढे ढकला, अशी मागणी केली ती प्रथम मुराद यांच्या सरकारने. महामारीने दोन वर्षे खाल्ली, कायदे अपुरे आहेत, ही कारणे खोटी नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये काँग्रेसने निवडणूक मे २०२५ वर नेली. त्या वेळी मोरोंचे अनेक मित्रही म्हणाले की घाई नको. आमचे मत निराळे आहे. २०२२ मध्ये मुराद यांच्याभोवती कराराचे तेज होते, सुलू प्रदेशात होता, विरोधी घराणी विस्कळीत होती. पराभव झाला असता तर तो मतदारांनी केलेला असता. जय झाला असता तर कोणाही राष्ट्राध्यक्षाला त्यांना एका कागदाने हटविता आले नसते. मुदतवाढ मागून त्यांनी तीन वर्षे मिळविली आणि त्या बदल्यात आपल्या खुर्चीची किल्ली मनिलाच्या हाती राहू दिली. बरे, त्याच २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत त्यांच्या पक्षाने, युनायटेड बांगसामोरो जस्टिस पार्टीने, मार्कोस कनिष्ठ यांच्याविरुद्ध लेनी रोब्रेदो यांना पाठिंबा दिला. भूमिका म्हणून ती सन्मानाची होती. मार्कोस हे नाव मोरोंनी विसरावे असे कोण म्हणेल? पण नियुक्तीवर बसलेल्या माणसाला अशी भूमिका महाग पडते. मार्कोस जिंकले. त्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये मुराद यांची फेरनियुक्ती केली, आणि अडीच वर्षे थांबले.

दरम्यान ९ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलूचे म्हणणे मान्य केले. ज्या प्रांताने 'नाही' म्हटले त्याला प्रदेशात कोंबता येणार नाही, असा निर्णय दिला. न्याय म्हणून तो योग्यच होता. परंतु सुमारे दहा लाख लोकांचा प्रांत निवडणुकीच्या तोंडावर वगळला गेला आणि त्याच्या वाट्याच्या सात जागा अधांतरी राहिल्या. मुराद यांच्याविरुद्ध एकवटलेल्या घराण्यांच्या आघाडीचे मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार होते सुलूचे गव्हर्नर साकूर तान. ज्या प्रांताचे ते गव्हर्नर त्याच प्रांताने २०१८ मध्ये केलेल्या अर्जावर हा निकाल लागला आणि त्याच निकालाने त्यांची उमेदवारी नाहीशी झाली. सात जागांचे निमित्त पुढे करून काँग्रेसने निवडणूक आणखी पाच महिने, १३ ऑक्टोबर २०२५ पर्यंत, लांबविली. त्या पाच महिन्यांसाठी नवे नियुक्त सरकार हवे, म्हणून नवी नियुक्तिपत्रे निघाली. आणि त्यांत मुख्यमंत्री म्हणून नाव होते अब्दुलरऊफ माकाकुआ यांचे.

माकाकुआ परके नव्हेत. मुराद अध्यक्ष असताना तेच आघाडीच्या सैन्याचे प्रमुख होते, पुढे मागिंडानाव देल नोर्तेचे गव्हर्नर. मनिलाने घराण्यांतील कोणाला नेमले असते तर आघाडी एकजुटीने उठली असती. तिच्यातलाच, तोही सैन्याचा माणूस नेमला की उठणार कोण आणि कोणाविरुद्ध? आघाडीने आपण मुराद यांचेच नाव दिले होते असे जाहीर केले. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने मुराद यांनी राजीनामा दिल्याचे सांगितले. काही असो, आपल्याच लष्करी सहकाऱ्याकडे कारभार सोपवून मुराद बाजूला झाले. त्यांनी डोंगराची वाट धरली नाही. मिसुआरी यांनी २००१ मध्ये जे केले ते मुराद यांनी २०२५ मध्ये केले नाही, हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कमी बोलले गेलेले आणि आमच्या मते सर्वांत मोठे कृत्य होय.

तथापि बाजूला होणे म्हणजे मिटणे नव्हे. करारात ४० हजार सैनिक आणि ७ हजार शस्त्रे टप्प्याटप्प्याने निकालात काढावयाची होती. २६ हजारांहून अधिक सैनिकांची प्रक्रिया झाली. प्रत्येकाला एक लाख पेसो रोख मिळाले. जुलै २०२५ मध्ये मुराद यांच्या अध्यक्षतेखालील मध्यवर्ती समितीने उरलेल्या सुमारे १४ हजार सैनिकांचे व २,४५० शस्त्रांचे निःशस्त्रीकरण थांबविले. नोंद झालेल्या सैनिकांपैकी एकालाही कराराप्रमाणे उपजीविकेचे धड साधन मिळालेले नाही, असे समितीचे म्हणणे. आम्ही कबूल केले ते दिले, असे सरकारचे म्हणणे. एक लाख पेसो म्हणजे आपल्याकडील दीड लाख रुपयांच्या आसपास रक्कम. तीस वर्षे बंदूक वागविलेल्या माणसाला तेवढ्यावर शेतकरी होता येते की नाही, हे मिंडानावमधील कोणताही शेतकरी सांगेल. पण समितीने हा हिशेब काढण्याची वेळ माकाकुआ यांच्या नियुक्तीनंतर चार महिन्यांची आहे, हेही नजरेआड करता येत नाही. ज्याच्या हाती मतांचे बळ नाही तो दुसऱ्या बळाची आठवण करून देतो.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सात जागांची नवी वाटणी करणारा प्रादेशिक कायदा रद्द केला, ऑक्टोबरची निवडणूक थांबली आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ती घ्यावी असा आदेश झाला. मूळ मुदतीप्रमाणे २०२२ मध्ये व्हावयाची ही निवडणूक २०२५ संपले तरी झाली नव्हती. तोवर मुराद ७७ वर्षांचे झाले होते. आघाडीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, पक्षाचेही, आणि १४ हजार माणसांच्या बंदुकांची गणती व्हावयाची राहिली होती.